समुद्रावर मुक्कामाला पोचल्यावर आधी काय करायचं? जे अंधारात होत नाही ते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे सहा जण, त्यात ७ आणि १० वर्षांची दोन मुलं, डिसेंबरातल्या पौर्णिमेच्या वीकेंडला रत्नागिरीच्या खाली पूर्णगड-गावखडीच्या बाजूला टेंट लावून राहायचं म्हणतायत. मागच्या वेळी संध्याकाळी पोचले, आधी चहा टाकला, तेवढ्यात मुलं पाण्यात पळाली, मग एकजण मुलांच्या मागे, दोघं फोटो काढायला, टेंट उलगडायला घेतला तोवर अंधार, जेवण साडेदहाला आणि मुलं न जेवताच झोपली. तर पोचल्यावर कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे ठरवायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

मी वीसेक वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर लोकांना मुक्कामाला घेऊन जातोय आणि खरं सांगतो, तुम्ही जे केलंत ते बहुतेक सगळे करतात, कारण सात-आठ तास गाडीत बसून आल्यावर माणसाला पहिल्यांदा चहाच हवा असतो. पण कामांचा क्रम आपल्याला काय हवंय त्यावरून लावला की तो चुकतोच. मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारतो, की हे आत्ता नाही केलं तर दोन तासांनी करता येईल का? चहा दोन तासांनीही होतो, खिचडी तर हेडटॉर्च लावून आरामात होते, अंथरुणं अंधारात घालता येतात. पण जागा निवडणं अंधारात होत नाही, वर झाडावर काय लटकतंय ते रात्री दिसत नाही, आणि वाडीतली माणसं एकदा दिवेलागण झाली की आपापल्या घरात जातात, मग दार वाजवून "इथे पाणी कुठवर येतं हो" असं विचारायला आपल्यालाच कसंतरी होतं. म्हणजे जे उजेडाबरोबर निघून जातं ते आधी. बाकी सगळं मागे ढकला, काही बिघडत नाही.

आता उजेड किती असतो ते बघा. डिसेंबरच्या मध्यावर रत्नागिरीला सूर्य साधारण ६ वाजून ५ मिनिटांनी बुडतो आणि साडेसहाला नीट दिसेनासं होतं. मे महिन्यात हाच सूर्यास्त सातच्या पुढे जातो, त्यामुळे मागच्या वेळी तुम्ही उन्हाळ्यात गेला असाल तर त्या हिशोबाने आता जाऊ नका, तासभर कमी मिळणार आहे. पौर्णिमा आहे तर चांदणं असेल असं धरून चाललात तर तेही पूर्ण खरं नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो हे बरोबर, पण कोकणात पूर्वेला सडे, म्हणजे उंचावरची खडकाळ पठारं, आणि डोंगर, त्यामुळे तो त्यांच्या वर येईपर्यंत अजून वेळ जातो आणि सुरूच्या बनात तर चांदणं खाली उतरतच नाही. म्हणून साडेतीन-चारला जागेवर पोचायचं धरा, म्हणजे हातात दोन-अडीच तास राहतात.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं गाडीतून सामान काढायचंच नाही. हे ऐकायला सोपं आहे पण करायला सगळ्यात अवघड, कारण डिकी उघडली की हात आपोआप बॅगांकडे जातात, आणि एकदा सामान वाळूवर पडलं की मग तीच आपली जागा होते, बरी असो वा वाईट. कोणी उचलून पुन्हा पन्नास पावलं न्यायला तयार नसतं. मी ग्रुपला आधीच सांगून ठेवतो की मी हो म्हणेपर्यंत डिकी बंद.

या दहा मिनिटांत एकाने वाडीत जायचं. जवळचं जे घर असेल तिथे जाऊन आजोबा, काकी जे कोणी असतील त्यांना नमस्कार करून सरळ विचारायचं, आम्ही रात्री इथे राहिलो तर चालेल का, जागा कोणाची आहे, पाणी कुठवर येतं, गोडं पाणी कुठे मिळेल. परवानगी खरं तर आधीच फोनवरून घेतलेली असायला हवी, जागेवाल्याची आणि गरज असेल तिथे ग्रामपंचायतीची, पण तरीही पोचल्यावर जाऊन भेटायचं. कोकणात बऱ्याच गावात कुठल्याही नव्या जागी काही करायच्या आधी राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. तुमची श्रद्धा असो नसो, घरातल्या माणसाने सांगितलं तर ठेवा नारळ. ज्याच्या गावात आपण झोपणार त्याची ती पद्धत आहे. आणि तेवढ्याने ते घर रात्रभर तुमच्याकडे लक्ष ठेवतं, हे मी पुष्कळदा अनुभवलंय.

दुसऱ्याने किनारा बघायचा, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तुम्ही नेमके पौर्णिमेला जाताय.

भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोन-दोन वेळा होते, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं धरतात, त्यामुळे रोज भरती पाऊण तास, पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं तिथीवरून गणित करतात, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे अकरा-बाराच्या दरम्यान. हा अंदाज आहे, गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. पण याचा अर्थ काय होतो ते नीट बघा. पौर्णिमेला भरती मध्यरात्रीच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. वर पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी सगळ्यात लांब मागे जातं आणि सगळ्यात वर येतं. म्हणजे तुम्ही संध्याकाळी पोचाल तेव्हा किनारा महिन्यातला सगळ्यात रुंद दिसणार, छान सपाट घट्ट वाळू, मैदानच जणू, आणि सगळ्यांना वाटणार इथेच लावूया टेंट. आणि तुम्ही गाढ झोपेत असताना समुद्र महिन्यातला सगळ्यात वर येणार.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर बारा जणांचा ग्रुप घेऊन मी द्वादशीला पोचलो, चार रात्रींचा मुक्काम होता. आल्याआल्या तिथल्या एका म्हाताऱ्या रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या कोळ्याने, बघितलं आणि म्हणाला, "झिला, थंय नको, रातीचा पाणी येता." मी मान हलवली आणि मनात म्हटलं बघू. पहिल्या रात्री पाणी आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर थांबलं, दुसऱ्या रात्रीही थांबलं, म्हणून माझी खात्रीच पटली की म्हातारा उगाच घाबरवतोय. चौथी रात्र पौर्णिमेची. साडेअकराला एका मुलीच्या ओरडण्याने जाग आली, टेंटच्या खालून पाणी, एकदम लाट नाही, शांतपणे पसरत आलेलं पाणी. दोन टेंट पूर्ण भिजले, एक स्टोव्ह आणि चपला-बूट गेले, सगळ्यांना अंधारात सामान ओढत वर न्यावं लागलं. माणसं सुखरूप होती, पण त्या बारा जणांत एक सहा वर्षांचा मुलगा होता आणि तो कडेच्या टेंटमध्ये होता, हे मला अजून आठवतं. अष्टमीकडून पौर्णिमेकडे जाताना रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा वर चढते, काल पाणी इथवर आलं म्हणून आज तिथेच थांबेल असं नसतं, आणि उधाणाचा जोर पौर्णिमा झाल्यावरही एक-दोन दिवस राहतो. हे त्या रापणकराला माहीत होतं. मी त्याचं ऐकायला हवं होतं.

तर किनारा बघताना समुद्राकडे पाठ करून वाळू बघत वर चालत यायचं. पहिल्यांदा एक रेषा लागेल, ओलसर काटक्या, शेवाळ, शिंपले, थर्माकोलचे तुकडे, ही कालची किंवा आजची भरती. तिथे थांबू नका. अजून वर जा, आणखी एक रेषा सापडेल, जुनी, तिच्यातल्या काटक्या वाळून पांढुरक्या पडलेल्या, प्लास्टिक अर्धं वाळूत गाडलेलं, ही मागच्या उधाणाची. त्याच्याही वर वाळूत वेली पसरलेल्या दिसतात, जांभळट फुलांची समुद्रवेल. ती वेल जिथे दाट आणि जुनी आहे तिथे पाणी रोज पोचत नाही एवढं समजायचं. मी टेंट त्या वेलीच्याही मागे लावतो. वेलीवर नाही, कारण तिनेच ती वाळू धरून ठेवलेली असते. खाडीच्या मुखाजवळ असाल, आणि गावखडी मुचकुंदीच्या मुखाशीच आहे, तर पाणी दोन बाजूंनी येऊ शकतं, समोरून समुद्राचं आणि बगलेतून खाडीचं, म्हणून तिथे दोन्ही बाजूला चालत जाऊन बघा. गाडीचंही तेच. संध्याकाळच्या ओहोटीला घट्ट वाळूवर लावलेल्या गाड्या रात्री पाण्यात गेल्याचे प्रकार आपल्याकडे होत असतात, गाडी वाळूवर उतरवायचीच नाही.

मागे सरकायला अजून एक कारण आहे. गावखडी, वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला रात्री वर येतात. त्यांना उजेड आणि वर्दळ चालत नाही, मादी उजेड बघून अंडी न घालताच परत फिरते. कासव कायद्याने संरक्षित आहे, पण कायदा राहू दे बाजूला, ती जिथे येते तिथे आपण टेंट ठोकून दिवे लावून बसणं बरोबर नाही. गावात कासवमित्र कोण आहे ते विचारा, तो सांगेल किनाऱ्याचा कुठला भाग सोडायचा.

आता वर बघा. नारळाखाली टेंट लावायचा नाही, कधीच नाही, वाळलेली झावळी पडली तरी टेंटचे पोल मोडतात आणि नारळाचं तर सांगायलाच नको. सुरूचं बन सावलीला चांगलं, पण निसर्ग आणि तौक्ते या दोन वादळांनंतर बऱ्याच बनांमध्ये मोडक्या, अर्धवट तुटून लटकलेल्या फांद्या दिसायच्या, त्यामुळे डोक्यावर काय आहे ते बघूनच जागा धरायची. खाली बघा, बिळं, केवड्याची जाळी, दगडांचा जुना गडगा, वाळलेल्या झावळ्यांचा ढीग, या सगळ्यापासून दहा-पंधरा पावलं लांब. रत्नागिरी जिल्हा फुरसं या विषारी सापासाठी पूर्वीपासून ओळखला जातो, ते दगडाच्या फटीत असतं, वीत-दीड हाताचंच असतं आणि पाचोळ्यात अजिबात उठून दिसत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर कळतही नाही कधीकधी. म्हणून आमच्याकडे टेंटची चेन कायम बंद हा नियम आहे, मुलांनाही पहिल्या अर्ध्या तासात तोच शिकवतो.

आणि मोबाइलला रेंज कुठे येते ते याच दहा मिनिटांत बघून ठेवा, रात्री दोन वाजता शोधायची वेळ नको. १०८ लावायचा झाला तर कुठे उभं राहायचं आणि अँब्युलन्स रस्त्याला कुठवर येईल हे सगळ्या मोठ्यांना माहीत असावं.

जागा ठरली. आता डिकी उघडा. पण त्याच्या आधी मुलं. तुमच्या प्रश्नात "मुलं पाण्यात पळाली, मग एकजण त्यांच्या मागे" असं होतं, तर मुलांना सांभाळणं हे मधे आलेलं काम नाही, ते पूर्ण वेळाचं काम आहे आणि ते पोचल्याच्या क्षणापासून एका मोठ्या माणसाकडे नाव घेऊन द्यायचं. अर्ध्या तासाने माणूस बदला. त्या माणसाने टेंटला हात लावायचा नाही, फोन बघायचा नाही. किनाऱ्यावर पायाने एक रेघ मारा, मुलांनी मोठ्याशिवाय त्या रेघेपलीकडे जायचं नाही. ओहोटीच्या वेळी पायाखालची वाळू सरकते, ओढ असते, आणि अनोळखी किनारा वरून कितीही शांत दिसला तरी आत खड्डा कुठे आहे ते गावातल्या माणसालाच माहीत. गणपतीपुळ्याला पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण कितीदा वाचल्यात. संध्याकाळी पाण्यात जायचंच असेल तर सगळी कामं झाल्यावर, घोट्याएवढ्या पाण्यात, हात धरून. मुलं हट्ट करतील, तर त्यांना पण काम द्या. दहा वर्षांच्या मुलाला टेंटच्या दोऱ्या धरायला द्या, सात वर्षांच्याला सगळ्यांचे हेडटॉर्च काढून एकेक चालू करून बघायला. हे काम खरंच लागतं, मुलांना खेळवायला म्हणून सांगत नाहीये, टॉर्च उजेड असतानाच हाताशी यायला पाहिजेत.

सामान काढताना पहिली ताडपत्री, आणि सगळं त्या एका ताडपत्रीवर. वाळूत ठेवलेली वस्तू संध्याकाळी सापडत नाही.

मग टेंट. चार मोठी माणसं आहात, एक मुलांपाशी, दोघं टेंटला, आणि चौथा पाणी, जागेची बाकीची व्यवस्था यासाठी मोकळा. सगळ्यांनी मिळून टेंटला भिडू नका, चार माणसं एका टेंटला लागली की दोघं नुसती सल्ले देतात. दुपारनंतर संध्याकाळपर्यंत वारा समुद्रावरून येतो, शाळेत शिकलो ते खारे वारे, आणि रात्री उशिरा तो पडून जमिनीकडून येतो, मतलई. त्यामुळे टेंटची अरुंद बाजू समुद्राकडे, दार बगलेला, समुद्राकडे दार ठेवलंत तर रात्रभर वाळू आत. लोकांना सकाळी दारातून समुद्र दिसायला हवा असतो, मला कळतं, पण चार पावलं बाहेर आलं की दिसतोच.

वाळूत टेंट उभा राहतो का, हा खरा प्रश्न असतो. टेंटबरोबर मिळणाऱ्या बोटभर बारीक खुंट्या वाळूत अजिबात धरत नाहीत, हाताने ओढली तरी सुळकन बाहेर येते, आणि त्यांच्या भरवशावर झोपलात तर रात्री वारा सुटला की टेंट अंगावर. त्याला असं करायचं. हातभर लांब, मनगटाएवढी जाड काठी घ्यायची, नाहीतर झावळीचा देठाकडचा जाड तुकडा, तो कुठेही मिळतो. काठी नाही मिळाली तर कापडी पिशवी वाळूने गच्च भरायची. टेंटची दोरी काठीच्या बरोबर मध्यावर बांधायची. मग कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा, आणि काठी त्यात आडवी ठेवायची, दोरीच्या ओढीला आडवी, समजा दोरी पूर्वेला ओढतेय तर काठी उत्तर-दक्षिण. दोरी जिथून वर येते तिथे टेंटच्या बाजूला वाळूत एक तिरकी खाच पाडायची म्हणजे दोरी सरळ वर न खेचता तिरकी ओढते, ही खाच लोक विसरतात आणि मग काठी उचलून येते. वाळू परत लोटायची, तांब्याभर समुद्राचं पाणी ओतायचं, पायाने दाबून घट्ट करायची, अजून वाळू, पुन्हा दाबायची. ओली दाबलेली वाळू दगडासारखी बसते. एका टेंटला चार कोपरे आणि फ्लायच्या, म्हणजे टेंटवरच्या बाहेरच्या आवरणाच्या, दोन दोऱ्या म्हणजे सहा खड्डे, दोघांना अर्धा तास लागतो, आणि हे अंधारात नीट होत नाही म्हणूनच चहाच्या आधी. फ्लाय डिसेंबरात लावायचाच, पाऊस नसला तरी दंव इतकं पडतं की पहाटे टेंट भिजल्यासारखा होतो. स्लीपिंग बॅगा मात्र लगेच उलगडून ठेवू नका, खारट दमट हवा शोषून घेतात, झोपायच्या वेळी काढा.

तोवर चौथ्या माणसाने पाणी भरून आणायचं. प्यायला, स्वयंपाकाला मिळून माणशी चार लिटर धरा, सहा जणांना चोवीस, म्हणजे वीस लिटरचा एक कॅन आणि वर थोडं. किनाऱ्याला लागून असलेल्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, म्हणून भरायच्या आधी घोटभर चाखा आणि घरवाल्यांना विचारा ते प्यायला कुठलं वापरतात. प्यायचं उकळून घ्या.

आणि शौचाची व्यवस्था. याबद्दल कोणी बोलत नाही, आणि मग रात्री बायकांची आणि मुलांची पंचाईत होते, काही जणी तर संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे मी ग्रुपमध्ये बघितलंय आणि मला ते फार लागतं. त्यामुळे हे उजेडातच ठरवायचं, पहिल्या तासातच. सगळ्यात बरं म्हणजे जवळच्या घराशी बोलून त्यांचं शौचालय वापरायला घ्यायचं, दोन दिवसांचे योग्य पैसे द्यायचे, लोक आनंदाने देतात. वाट उजेडात सगळ्यांनी एकदा चालून बघायची. ते नाहीच जमलं तर पाणी, विहीर, वाट यांच्यापासून सत्तरएक पावलं लांब, वाळूत नाही तर मातीत, वीतभर खड्डा आणि वर माती. किनाऱ्यावर नाही. सकाळी तिथे रापण ओढायला माणसं अनवाणी येतात.

लाकडं गोळा करणं हे काम तुमच्या यादीत असेल तर ते मी काढूनच टाकतो. शेकोटीची हौस मला समजते. पण सुरूच्या बनात खाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो, तो कसा भडकतो ते एकदा बघितलं की पुन्हा तिथे काडी ओढावीशी वाटत नाही, आणि खुल्या किनाऱ्यावर उजेड केला तर कासवांचा प्रश्न. शिवाय संधिप्रकाशात पाचोळ्यात, दगडाखाली, लाकडाखाली हात घालणं म्हणजे विंचवाला बोलावणं. कोकणातला लाल विंचू साधा नाही. एके काळी त्याच्या दंशाने पुष्कळ माणसं, विशेष करून मुलं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार शोधून काढला तेव्हापासून ते चित्र बदललं. आता उपचार आहे, पण हॉस्पिटलपर्यंत पोचावं लागतंच ना, रात्री, दोन मुलांना घेऊन. त्यापेक्षा गॅसचा स्टोव्ह न्या. घरवाल्यांनीच त्यांच्या अंगणात नारळाची सोडणं पेटवून बसायला बोलावलं तर जरूर बसा.

हे सगळं होईपर्यंत साडेपाच वाजलेले असतात आणि आता चहा. स्टोव्ह टेंटच्या दक्षिण अंगाला, दहा पावलांवर, म्हणजे संध्याकाळचा वारा असो की रात्रीचा, झोत थेट टेंटवर येत नाही. मुलांना मात्र साडेपाचपर्यंत उपाशी ठेवायचं नाही, पोचल्यापोचल्या गाडीतच लाडू, भडंग, केळी द्या. भुकेलं मूल काहीच ऐकत नाही आणि भुकेला मोठा माणूस जागा निवडताना घाई करतो, हे दुसरं जास्त धोक्याचं. पहिल्या रात्रीचं जेवण घरून करूनच आणा असं मी सगळ्यांना सांगतो, पोळ्या, सुकी भाजी, चटणी, दहीभात. पहिल्या रात्री स्वयंपाक हे कामच नसलं पाहिजे. खिचडी, मासे, काय हौस असेल ते दुसऱ्या दिवशी, तेव्हा सगळा दिवस हातात असतो. जेवण झालं की उष्टं-खरकटं बंद डब्यात आणि डबा गाडीत, नाहीतर रात्री कुत्री, कोल्हे येतात, आणि खेकडे तर पिशव्या ओढून नेतात.

हा क्रम कधी बदलायचा? पाऊस आला तर. डिसेंबरात शक्यता कमी, पण एप्रिल-मेच्या वळवात किंवा ऑक्टोबरात ढग आले तर आधी डोक्यावर ताडपत्री बांधायची, बाकी सगळं त्याच्या खाली बसून. वीज कडाडत असेल तर टेंट, ताडपत्री काही नाही, सरळ गाडीत किंवा पक्क्या घरात, आणि अशा वेळी सड्यावर तर थांबायचंच नाही. कोणाला बरं नसेल, गाडी लागून मूल उलट्या करत असेल, तर आधी ते माणूस, त्याला सावलीत आडवं करा, ओआरएस द्या, मग जागा बघा. आणि अंधार पडल्यावर पोचलात तर क्रमाचा प्रश्नच नाही. अनोळखी किनाऱ्यावर अंधारात टेंट लावायचा नाही. घरगुती खोली मिळते, नाहीतर एखादी पडवी मिळते, तिथे झोपा आणि सकाळी ओहोटी-भरती दोन्ही बघून जागा निवडा. तशी एक रात्र फुकट गेली असं लोकांना वाटतं. मी त्या एका रात्रीबद्दल कधीच वाद घालत बसत नाही, निर्णय माझा असतो आणि तो आधीच सांगितलेला असतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुण्याहून पहाटे साडेपाच-सहाला निघा, थांबे धरून आठएक तास लागतात. निघायच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी करा. घरच्या गच्चीवर टेंट एकदा पूर्ण उभा करून बघा, पोल, दोऱ्या सगळं आहे ना. आणि पावस किंवा पूर्णगडला एखाद्या घरगुती निवासवाल्याशी फोनवर बोलून ठेवा की उशीर झाला तर एक खोली लागेल. मग दुपारी साडेचारला तुम्ही अजून आंबा घाटातच असाल तर गाडी बाजूला घेऊन त्यांना फोन लावा, खोली पक्की करा आणि घाट सावकाश उतरा.